सिबारिसचा शोध: गाळाखाली गेलेल्या ग्रीक वसाहतीचे प्रकरण

पार्श्वभूमी

इटलीच्या टाचेला आणि चवड्याला जोडणारा जो खोलगट भाग आहे, तिथे टारान्टोचे आखात आहे. या आखाताच्या नैर्ऋत्य काठावर, आजच्या कॅलाब्रिया प्रांतात, सिबारी नावाचे सपाट मैदान आहे. मागे पोल्लिनो आणि सिलाचे डोंगर, पुढे आयोनियन समुद्र आणि मधून वाहणारी क्राती नदी. इ. स. पू. 720च्या सुमारास ग्रीसमधल्या आखायातून आलेल्या लोकांनी इथे सिबारिस वसवले. ऍरिस्टॉटल सांगतो की त्यांच्यासोबत ट्रॉयझेन या दुसऱ्या ग्रीक शहराचेही लोक होते आणि आखायांची संख्या वाढल्यावर त्यांनी ट्रॉयझेनकरांना हाकलून दिले.

दोन शतकांत हे शहर इतके गब्बर झाले की आजही युरोपीय भाषांत चैनीसाठी त्याचेच नाव वापरतात. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोच्या म्हणण्याप्रमाणे चार शेजारी जमाती आणि पंचवीस गावे त्याच्या ताब्यात होती, आणि शहराचा घेर 50 स्टेडिया (स्टेडियम हे अंतराचे ग्रीक माप) होता. पश्चिम किनाऱ्यावरचे पोसिडोनिया, म्हणजे आजचे पेस्टम, ही सिबारिसचीच वसाहत. इ. स. पू. 510मध्ये शेजारच्या क्रोतोनने सिबारिसचा पराभव केला. क्रोतोनच्या सेनेचा पुढारी होता ऑलिम्पिकचा नामांकित मल्ल मिलो. स्ट्रॅबो म्हणतो की क्रोतोनकरांनी नदी वळवून शहरावर सोडली आणि ते बुडवले.

पुढे इ. स. पू. 444-443च्या सुमारास अथेन्सच्या पुढाकाराने त्याच परिसरात थुरिओई वसले. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तिथे राहायला गेला होता. इ. स. पू. 193मध्ये रोमनांनी तिथे कोपिया ही वसाहत केली. नंतर दलदल वाढली, हिवताप आला आणि मैदान जवळजवळ ओस पडले. एकोणिसाव्या शतकात अभ्यासक तिथे पोहोचले तेव्हा तीन शहरांपैकी एकाचेही ठिकाण कुणाला बोट ठेवून दाखवता येत नव्हते.

अडचण

पहिली अडचण ग्रंथांची. स्ट्रॅबो सिबारिस क्रोतोनपासून 200 स्टेडिया अंतरावर ठेवतो. एक स्टेडियम साधारण 185 मीटर धरला तर हे अंतर 37 किलोमीटर होते. आजच्या क्रोतोने शहरापासून सिबारीचे मैदान सरळ रेषेत 90 किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आकडा कामाचा नाही, मग तो स्ट्रॅबोचा असो की नकलाकाराचा. शहर क्राथिस आणि सिबारिस या दोन नद्यांच्या मध्ये होते, ही त्याचीच दुसरी खूण. क्राथिस म्हणजे आजची क्राती, सिबारिस म्हणजे कोशिले, इथवर मतभेद नाहीत. पण कोशिले आता समुद्राला मिळतच नाही, ती अलीकडेच क्रातीत शिरते. दोन्ही पात्रे कित्येकदा सरकली आहेत. ‘दोन नद्यांच्या मध्ये’ हे वर्णन आजच्या नकाशावर लावायला गेले की हाती काहीच लागत नाही.

ग्रंथांनी आणखी एक चकवा दिला, आणि तो जास्त महागात पडला. प्राचीन इतिहासकार डायोडोरस लिहितो की नव्या वसाहतकारांना सिबारिसपासून जवळच थुरिया नावाचा झरा सापडला, त्याला कांस्याचा नळ होता, आणि तिथे त्यांनी शहर बांधले. स्ट्रॅबोही शहर ‘दुसऱ्या जागी’ हलवल्याचे सांगतो. याचा सरळ अर्थ लावणाऱ्याला वाटणारच की जिथे थुरिओई किंवा रोमन कोपिया सापडेल, तिथे सिबारिस नसणार.

दुसरी अडचण जमिनीची. दोन्ही नद्या डोंगरातून भरमसाट गाळ आणतात आणि मैदान स्वतःच्या वजनाने खचत जाते. वरून गाळ आणि खालून खचणे, अशी दुहेरी क्रिया अडीच हजार वर्षे चालू आहे. इ. स. पू. सहाव्या शतकातली जमीन आज शेतापासून साधारण 4 ते 7 मीटर खाली आहे, काही ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली. किनारा मात्र पुढे सरकला, त्यामुळे एकेकाळचे बंदराचे शहर आता समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत आहे. वर पांढरीची टेकडी नाही, नांगराच्या फाळाला लागणारे खापर नाही. भूजल इतके वर की कंबरभर खड्डा घेतला तरी पाणी लागते.

तिसरी अडचण क्षेत्रफळाची. 50 स्टेडियांचा घेर म्हणजे 9 किलोमीटरहून थोडा जास्त. गोल धरला तर आत सुमारे 680 हेक्टर बसतात. आणि हे 680 हेक्टर नेमके कुठले, ते त्याहून कितीतरी मोठ्या मैदानात शोधायचे.

समोरचे पर्याय

1960च्या आधी तीन वाटा चोखाळून झाल्या होत्या. 1879मध्ये कावाल्लारीने मैदानातले टिंपोने ग्रांदे आणि टिंपोने पिक्कोलो हे दफनढीग खणले. त्यांत सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले ऑर्फिक, म्हणजे मरणोत्तर जीवनाविषयीच्या एका गूढ पंथाचे, मजकूर मिळाले. शोध मोठाच, पण ती थडगी थुरिओईच्या काळातली. ढीग उंच होते म्हणून गाळातून वर राहिले आणि म्हणूनच ते आधी खणले गेले. 1932मध्ये झानोत्ती-बियांकोने पार्को देल कावाल्लो या जागी चर घेतले. रोमन अर्धवर्तुळाकार इमारत लागली आणि काम तिथेच अडले. हा माणूस फॅसिस्ट राजवटीच्या नजरेत होता, त्यामुळे पुढे खणण्याची मुभाही उरली नाही. 1949नंतरच्या काही वर्षांत एका अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने मैदानात बोअर घेऊन खोलवरची खापरे वर काढली. खाली वस्ती आहे एवढे त्यातून कळले.

1960मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संग्रहालय आणि मिलानमधली लेरिची संस्था एकत्र आली, तेव्हा त्यांच्यापुढे काय होते ते पाहू.

नुसते बोअर घ्यायचे ठरवले तर हिशोब असा होतो. 680 हेक्टरांवर दर 50 मीटरला एक बोअर म्हटले तरी सुमारे 2,700 बोअर, प्रत्येकी 8 मीटर खोल. एवढे करूनही दोन बोअरांच्या मध्ये अख्खी आळी निसटू शकते. शिवाय वीतभर व्यासाच्या भोकातून आलेले खापर कुठल्या थरातले, याची खात्री नसते. पाण्याने भिंती ढासळतात आणि वरच्या थरातला तुकडा खाली जाऊन बसतो.

जमिनीत खुंट्या रोवून, वीज सोडून विद्युतरोध मोजण्याची पद्धत रोमन भिंती शोधायला उत्तम. पण तिची खोली खुंट्यांमधल्या अंतरावर ठरते, आणि 5 मीटर खाली बघायचे तर खुंट्या इतक्या दूर रोवाव्या लागतात की लहान भिंत सरासरीत विरून जाते. त्यात मचूळ भूजल. खारे पाणी वीज सहज वाहून नेते, त्यामुळे दगड आणि माती यांतला फरक झाकोळतो.

तिसरा पर्याय चुंबकमापकाचा. भाजलेली माती, म्हणजे कौले, विटा, भट्ट्या, थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण धरून ठेवते. नदीचा गाळ एकसारखा आणि चुंबकीयदृष्ट्या निरुत्साही असतो. कौलारू घरांचे शहर अशा गाळात पुरलेले असेल तर ते दिसायला हवे. अडचण अंतराची. भट्टीसारख्या आटोपशीर वस्तूचा परिणाम अंतराच्या घनाने घटतो. 1 मीटरवर जो परिणाम 100 एकक, तो 5 मीटरवर एक एककसुद्धा भरत नाही. इटलीत पृथ्वीचे क्षेत्र सुमारे 45,000 गॅमा (चुंबकीय क्षेत्राचे त्या वेळचे एकक), आणि त्या वेळच्या प्रोटॉन चुंबकमापकाची अचूकता एखाद्या गॅमाची. दिवसभरात पृथ्वीचे क्षेत्र आपसूकच पंचवीस-तीस गॅमांनी हलते, ते वेगळेच.

प्रत्यक्ष काय केले

निर्णय झाला तो दोन हत्यारे एकत्र वापरण्याचा. चुंबकमापकाने संशयाची जागा हेरायची आणि बोअरने तिची खोली व काळ तपासायचा. ही जोडी योग्यच होती. मापकाला काळ कळत नाही आणि बोअरला आकार कळत नाही.

पहिल्या मोसमांत प्रोटॉन मापकावर एक ठळक रेषा उमटली. मैदानातून सरळ जाणारी, शेकडो मीटर लांब भिंत. उत्साह साहजिक होता, कारण एवढी भिंत म्हणजे शहराचा तटच असणार असे वाटले. खणून आणि बोअर घेऊन पाहिल्यावर ती सिबारिसच्या काळानंतरची निघाली. मागे वळून पाहिले तर तीच आधी का दिसली हे भौतिकशास्त्रात आहे. लांब सरळ वस्तूचा चुंबकीय परिणाम घनाने नाही, साधारण वर्गाने घटतो. म्हणजे उथळ आणि लांब असलेले बांधकाम खोल आणि सुट्या घरांच्या तुलनेत शेकडो पटींनी ठळक दिसणार. मापकाने खोटे काही सांगितले नव्हते, त्याला जे सोपे होते ते त्याने आधी दाखवले.

हाच गोंधळ पार्को देल कावाल्लो इथेही. तिथे रोमन कोपिया वर, तिच्याखाली थुरिओई आणि सर्वांत तळाशी सिबारिस. वरच्या रोमन विटा आणि कौले इतका गलबला करतात की तळाचा आवाज ऐकूच येत नाही.

निर्णायक बदल उपकरणात झाला. आधी रुबिडियम आणि मग सिझियम वायूवर चालणारे मापक मैदानात आणले गेले. ते बनवणारी व्हॅरियन कंपनी आणि संग्रहालयाची भौतिक प्रयोगशाळा यांनी ते पुरातत्त्वासाठी बेतले. प्रोटॉन मापकात द्रवाने भरलेली बाटली आणि तिच्याभोवती तारेचे वेटोळे असते. प्रत्येक वाचनासाठी थांबावे लागते. सिझियम मापक अखंड वाचते आणि गॅमाच्या लहानशा अंशाचा फरक पकडते. दोन संवेदक घेऊन एक जागेवर ठेवायचा, दुसरा घेऊन चालायचे आणि फक्त दोहोंतला फरक नोंदवायचा, म्हणजे दिवसभराची नैसर्गिक हालचाल आपोआप वजा होते.

वाचनांचा अर्थ लावण्याची एक साधी कसोटी इथे फार उपयोगी पडते. आटोपशीर वस्तूच्या चुंबकीय उठावाची अर्ध्या उंचीवरची रुंदी ढोबळमानाने तिच्या खोलीएवढी असते. उठाव हातभर रुंद आणि टोकदार असेल तर तो वरच पडलेला नांगराचा खिळा किंवा तारेचा तुकडा. चार-पाच मीटर पसरलेला, हळुवार, दोन-तीन गॅमांचा फुगवटा असेल तर तिथे बोअर घ्यायचा. नवख्या माणसाची नजर नेमकी उलट, टोकदार उठावावर जाते.

1967-68च्या मोसमांत असे हळुवार फुगवटे स्तोंबी नावाच्या शेतजमिनीत एकत्र सापडले. ही जागा पार्को देल कावाल्लोच्या उत्तरेला. बोअरमधून कौलांचे तुकडे आणि इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकातली खापरे आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर काहीच आले नाही. थुरिओईची काळी झिलई असलेली भांडी नाहीत, रोमन लाल भांडी नाहीत, 4 मीटर नुसता गाळ. थुरिओई आणि कोपिया इथवर पसरलेच नव्हते. शोधाचा गाभा माझ्या मते इथे आहे: सिबारिस दाट कुठे होते यापेक्षा ते एकटे कुठे उरले, ही जागा निर्णायक ठरली.

1969पासून इटालियन पुरातत्त्व खात्याने पद्धतशीर उत्खनन हाती घेतले. त्यात खरी लढाई पाण्याशी होती. खड्ड्याभोवती दर मीटर-दोन मीटरवर टोकाला जाळी असलेले नळ जमिनीत उतरवतात, ते सगळे एका आडव्या नळाला जोडतात आणि निर्वात पंपाने पाणी ओढतात. या व्यवस्थेची मर्यादा ठरलेली आहे. पंप पाणी वर ढकलत नाही, शोषतो, त्यामुळे एका टप्प्यात प्रत्यक्षात 5-6 मीटरच्या पलीकडे पातळी उतरत नाही. त्याहून खाली जायचे तर खड्ड्यात आणखी एक पायरी घेऊन नळांची दुसरी रांग लावावी लागते. जाळी बारीक गाळाने तुंबली की एका कोपऱ्यातून पाणी येते, कड भिजते आणि अख्खी बाजू आत कोसळते. पंप रात्री बंद ठेवण्याची सोय नाही. सकाळपर्यंत खड्डा तळे होतो आणि कच्च्या विटांचा चिखल.

निष्पत्ती

स्तोंबीत नदीच्या गोट्यांचे पाये, वर कच्च्या विटांच्या भिंती आणि कौलारू छपरे असलेली घरे मिळाली, विहिरी मिळाल्या, कुंभाराची भट्टी मिळाली. ऐषारामाच्या दंतकथा डोक्यात घेऊन येणाऱ्याला ही वस्ती अगदीच साधी वाटेल. मात्र पार्को देल कावाल्लो इथे रोमन इमारतीच्या पायात आर्ष काळातल्या (म्हणजे जुन्या सिबारिसच्या काळातल्या) मंदिराचे कोरीव चुनखडीचे दगड पुन्हा वापरलेले सापडले. श्रीमंती नाहीशी झाली नव्हती, पुढच्या लोकांनी ती दगड म्हणून वापरून टाकली होती. तिथेच तीन शहरे एकावर एक असल्याचे सिद्ध झाले आणि ‘दुसऱ्या जागी’ या शब्दांवर उभा असलेला जुना तर्क कोसळला.

नदी वळवून शहर बुडवल्याच्या कथेचे काय? नंतरच्या भूगर्भीय बोअरांत एका फटक्यात साचलेला, शहरावर पसरलेला असा एकच गाळाचा थर दिसत नाही. गाळ हळूहळू चढलेला आहे, जमीन हळूहळू खचलेली आहे. हिरोडोटस या घटनेला सर्वांत जवळचा लेखक. तो सिबारिसच्या पराभवाबद्दल लिहितो, ‘कोरड्या क्राथिस’काठच्या अथेनाच्या देवळाचा उल्लेखही करतो, पण शहर बुडवल्याचे लिहीत नाही. नदीने पात्र बदलले होते एवढे त्यावरून निघते. क्रोतोनकरांनी पाणी सोडलेही असेल, पण 6 मीटर गाळ त्यांच्या खात्यावर टाकता येणार नाही.

वसाहतकार मूळचे कुठले, हा प्रश्न जमिनीतल्या भांड्यांनी सुटला नाही. सुरुवातीच्या वसाहतकारांची भांडी करिंथची किंवा स्थानिक. ती सगळीकडे विकली जात, त्यावरून माणसांचे गाव ठरत नाही. आखायाशी नाते पक्के होते ते नावांनी आणि लिपीने. आखायात क्राथिस नावाची नदी आहे, आणि इटलीतल्या नदीला तिचेच नाव मिळाल्याचे हिरोडोटस स्पष्ट सांगतो. मैदानाच्या कडेला फ्रांकाविल्ला मारीत्तिमाजवळच्या टेकडीवर अथेनाचे मंदिर आहे. तिथे एक कांस्याचा पत्रा मिळाला: ऑलिम्पिक जिंकलेल्या क्लेओम्ब्रोतोसने बक्षिसाचा दशांश देवीला वाहिला, असा मजकूर, अक्षरे आखायी वळणाची. स्ट्रॅबो संस्थापकाचे गाव म्हणून हेलिकेचे नाव घेतो. गंमत अशी की आखायातले ते हेलिकेही इ. स. पू. 373मध्ये भूकंप आणि समुद्राने गिळले, आणि त्याचे अवशेष थेट 2001मध्ये सापडले, तेही गाळाखालीच.

फ्रांकाविल्लाच्या त्याच टेकडीवर ग्रीकांच्या आधीपासून स्थानिक ओइनोत्रियन लोकांची वस्ती होती. ‘रिकाम्या किनाऱ्यावर जहाजे लागली आणि शहर उभे राहिले’ हे चित्र इथे टिकत नाही.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक क्रमाची होती. चर, मग बोअर, मग चुंबकमापन, आणि जुन्या किनाऱ्याचा व जुन्या जमिनीचा नकाशा शेवटी. तो नकाशा आधी हवा होता. मैदानभर विरळ अंतरावर 15-20 मीटर खोल बोअर घेऊन समुद्राचा, खाजणाचा आणि नदीचा गाळ वेगळा काढला असता, तर इ. स. पू. 500च्या सुमाराची जमीन किती खोल आहे हे कळले असते. मग चुंबकमापकाचे वाचन कुठल्या खोलीसाठी तपासायचे तेही ठरले असते.

लांब भिंतीबाबत, तिच्या पायथ्याशी एक छोटा चर घेऊन काळ निश्चित होईपर्यंत तिच्याभोवती पुढचे नियोजन करायला नको होते. पायाच्या खाचेत अडकलेले सर्वांत नवे खापर भिंतीचा काळ सांगते. भिंतीलगत वर सापडलेली खापरे तो सांगत नाहीत.

ज्या थराचे मापन करायचे त्यावर दुसरे शहर असेल तर आधी रिकामी कड शोधावी. रोमन अवशेषांची हद्द 1932नंतर ढोबळ ठाऊक होती. तिच्या बाहेरच्या पट्ट्यात आधी गेले असते तर स्तोंबी बहुधा लवकर सापडले असते, जरी प्रोटॉन मापकाला ते कितपत दिसले असते याबद्दल मला शंका आहे.

शेवटचा टप्पा आजही चालू आहे. पार्को देल कावाल्लो म्हणजे बांध घातलेल्या नदीजवळचा, आजूबाजूच्या शेतांपेक्षा खोल असलेला, चोवीस तास पंपावर जगणारा खड्डा. राज्य महामार्ग 106 त्याच्यामधून जातो. 18 जानेवारी 2013 रोजी क्रातीचा बांध फुटला आणि उत्खननाची जागा पाणी आणि चिखलाने भरली. साफसफाई झाली, पण प्रश्न तसाच आहे. पाणी सतत उपसले की चिकणमाती आकसते आणि जमीन आणखी खचते. उपसा थांबवला की अवशेष बुडतात. मोजके भाग नोंदणी करून पुन्हा बुजवणे आणि दाखवायचा तेवढाच भाग कोरडा ठेवणे हा मला अधिक परवडणारा मार्ग वाटतो. स्तोंबीसारख्या एकाच काळाच्या जागेसाठी तर नक्कीच, कारण ओल्या, हवाबंद गाळात कच्ची वीट अडीच हजार वर्षे टिकली आहे आणि उन्हात ती काही मोसमांत विरघळते.

आज हे काम कुणी नव्याने हाती घेतले तर भूमिभेदी रडारवर पैसे घालू नयेत. ओल्या चिकणमातीत त्याची लहर मीटरभरातच विरते. विद्युतरोधाचे बहुखुंटी छेदचित्र, सिझियम मापक आणि सलग गाभा काढणारे बोअर ही त्रयी इथे चालेल. जमीन वर्षाला किती खचते ते उपग्रहाच्या रडारने मोजता येते. सर्वांत आधी शोधायला हवे ते आर्ष काळातले बंदर, आणि त्यासाठीचे बोअर शहरात घ्यायचे नाहीत. ते पूर्वेला, जुन्या किनारपट्टीच्या रेषेवर, खाजणाचा काळा गाळ जिथे सुरू होतो तिथे घ्यायला हवेत.